दगडावरचे खेकडे

‘प्रयोगवही’ला यंदा, म्हणजे शहाऐंशी साली, तीस वर्षं झाली. त्यानिमित्त नव्या संपादकांनी माझ्याकडे माझीच माहिती मागितली आहे. जन्म कुठला, शिक्षण काय, विज्ञानाच्या पत्रकारितेकडे कशा वळलात, कारकिर्दीतला संस्मरणीय क्षण कोणता. चारशे शब्दांत. सोबत कोणतं छायाचित्र छापायचं तेही त्यांनीच ठरवून टाकलंय. शहात्तरच्या मार्च अंकाचं मुखपृष्ठ. झऱ्याच्या कडेला मी उभी, पदर खोचलेला, तोंडाला लोटा लावलेला, पायाशी उपटून टाकलेले काटे. नवा संपादक मुलगा भला आहे, त्याला काही ठाऊक नाही. पण ते छायाचित्र पुन्हा छापलं तर मी कचेरीत येऊन अंकाचे गठ्ठे स्वतःच्या हाताने फाडीन, हे त्याला आधीच कळवून ठेवलेलं बरं.

चारशे शब्दांत ही गोष्ट मावत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी दमयंती चौबळ. जन्म चौतीसचा, भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समधला. माझे वडील, आप्पा, तिथे पाळीवर असत. दर तासाला एकेका काट्यासमोर उभं राहायचं, आकडा वाचायचा आणि भल्यामोठ्या वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. वहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. बाकीचे लोक त्यात आडवी रेघ मारून मोकळे होत. आप्पा मात्र काहीबाही लिहीत. ‘मशीनचा आवाज आज जरा जाड वाटला.’ ‘पाण्याला मातीचा वास.’ साहेब त्यांची टिंगल करायचे, की चौबळ, काटे बरोबर आहेत ना, मग कादंबरी कशाला लिहिता? आप्पा म्हणायचे, मला ऐकू आलं ते मी लिहिलं, त्याचा अर्थ लावायचा तो तुम्ही लावा. त्या शेऱ्यांतून पुढे कधी काही निघालं, असं मला आठवत नाही. मशीन चांगली चालत होती. तरीही आप्पा लिहीत राहिले, आणि मला त्यांची लाज वाटायची.

क्वार्टर्सवर वरच्या ठाकरवाडीतल्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन यायच्या. त्यांतल्या एकीची मुलगी हिरू. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा दुप्पट चपळ. शाळेने मला जे शिकवलं नाही ते हिरूने शिकवलं. ओहोळात खेकडे कसे धरायचे ते तिनेच दाखवलं. दगड हळू उचलायचा, पाणी गढूळ होऊ द्यायचं नाही, हात मागून न्यायचा. ‘दिवसा ते बिळातच ऱ्हातंय, दमू. दगड उचलल्याबिगर दिसनार नाय,’ ती म्हणायची. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पुढचं सगळं चारशे शब्दांत बसण्यासारखं आहे. कर्जतला मॅट्रिक, मुंबईत बी.एस्सी., सत्तावन्न साली ‘प्रयोगवही’त मुद्रितं तपासायला लागले आणि सहासष्टला संपादक झाले. लग्न केलं नाही, कारण कुणी विचारलं तेव्हा अंक छापायला जात होता. लाल पेन्सिल हेच माझं हत्यार. प्राध्यापकांचे दहा पानी लेख मी तीन पानांवर आणायची आणि ते पाय आपटत यायचे. माझं ‘गाठ सुटली’ हे सदर फार गाजलं. रडणारी मूर्ती, विहिरीत दिसणारा दिवा, अंगात येणारी बाई, महिन्याला एक गाठ घ्यायची आणि विज्ञानाने सोडवून दाखवायची. पत्रांचे ढीग यायचे. गावोगाव व्याख्यानांना बोलावणी यायची. मी चांगली बोलते आणि मला टाळ्या आवडतात, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पंच्याहत्तरच्या नोव्हेंबरात चौकला एका शाळेत माझं व्याख्यान झालं. विषय होता, भुताखेतांमागचं विज्ञान. संपल्यावर मुलं वह्या पुढे करत होती, तेव्हा पायरीवर बसलेली एक बाई उठून जवळ आली.

“दमूच ना गं तू? भिवपुरीच्या आप्पांची?”

हिरू! तीस वर्षांनी. केस पांढरे, अंगाने वाळलेली, पण डोळे तसेच. तिला उंबरवाडीत दिली होती. लोधिवलीहून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी बावीस घरांची ठाकरांची वाडी आहे, ती उंबरवाडी. मला रडूच आलं. ती मात्र कामाने आली होती.

“तू आता बोललीस ना, भुतं नाय, आसरा नाय. मंग मला एक खरं सांग,” ती म्हणाली. “आमचा झरा पोशानं बंद केलाय. काटं लावल्यात. साती आसरा रागावल्यात म्हनं, त्यातलं पानी पियाचं नाय. आता दोन मैलांवं वरच्या ओहोळाला जावं लागतंय. माजी सून हाय, मैना. चवथा म्हयना हाय तिला. पयलीच येळ. हंडा घेऊन घाटी चढती-उतरती नि माजा जीव वरखाली व्हतोय. तू शिकलेली हायस. तू सांगशील तसं करीन मी.”

साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बाया. त्या कोपल्या की पोरंबाळं जातात, असं आमच्याकडे सगळेच मानतात, ठाकर काय नि कुणबी काय. आणि पोशा म्हणजे वाडीचा भगत. माझा संताप झाला. गरोदर पोरीला दोन मैल पाणी वाहायला लावणारा भगत! आणि खरं सांगते, रागाबरोबर आनंदही झाला. एवढी सुंदर गाठ माझ्या हाती कधीच आली नव्हती.

“मी येते,” मी म्हणाले. “तपासते. मग सांगते.”

आठवड्याने मी उंबरवाडीला गेले. वही घेऊन गेले, आणि एक उकळून घेतलेली काचेची बाटली. वाडीच्या खाली माळाच्या कुशीतून झरा निघत होता. त्या माळाच्या दुसऱ्या टोकाला, हायवेच्या बाजूला, दोन वर्षांपूर्वी एक कारखाना उभा राहिला होता. पिकांवरची औषधं करतात, असं लोक सांगत. तो झऱ्यापासून चांगला पाऊण मैल लांब होता. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

झऱ्याभोवती करवंदीच्या आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्याला तांबडी चिंधी बांधलेली. आत पाणी इतकं नितळ होतं की तळातला खडान्‌खडा मोजता यावा. दगडांवर शेवाळ नव्हतं. पाण्यावर एक किडा चालत नव्हता. आजूबाजूला एवढी झाडी, पण पाखराचा आवाज नव्हता. ‘अतिशय स्वच्छ’ असं मी वहीत लिहिलं.

पोशा आला तो दुपारीच पिऊन आलेला. उंच, तांबारलेले डोळे, आवाजात गुर्मी. आल्या आल्या त्याने मला बजावलं, की आसरांना कोंबडं दिल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. मला तो पाहताक्षणी आवडला नाही.

“कशावरून आसरा रागावल्या?” मी विचारलं.

“खेकडं वर आलं, बाय,” तो म्हणाला. “धा दिस. भर दुपारी पान्याबाहेर येऊन दगडावं बसलं. हात लावला तरी पळलं नाय. मंग तिथंच मेलं. खेकडं दिवसा दगडावं बसतंय का? तूच सांग. आसरांनी त्यांना बाहेर काढलं. जागा खाली करा, म्हनल्या.”

हे मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मी लिहून घेण्यात पक्की होते.

हिरूच्या घरी भाकरी खाल्ली. मैना सतरा-अठरा वर्षांची, गोरटेली, लाजून हसणारी. तिने माझ्या पायावर पाणी घातलं ते वरच्या ओहोळाचं, दोन मैलांवरून आणलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिरूचा मुलगा जैतू नुकताच कामावरून आला होता.

“कारखान्यात असतोस का रं?” मी विचारलं.

“रोजावं जातो. खड्डं खनाया,” तो म्हणाला. “मागं माळावं. खड्डा खनायचा, त्यात ते पानी वततात नि वरनं माती लोटायची. सात झालं आतापतूर. लय वास मारतंय. हात चुरचुरत्यात.”

‘जैतू. कारखान्यात रोजंदारी. खड्डे खणतो,’ असं मी लिहिलं. पण ते वहीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे मी माणसांची माहिती लिहायची. खेकडे डाव्या पानावर, खड्डे उजव्या पानावर. वही मिटली की दोन्ही पानं एकमेकांना चिकटत होती. मी ती कितीदा मिटली असेल!

बाटली घेऊन मी मुंबईत एका प्रयोगशाळेत गेले. तिथल्या रसायनशास्त्रज्ञाने मला अर्ज दिला. गाव, उगम, तारीख. खाली एक रकाना होता, ‘विशेष शंका असल्यास’. तो गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाला, “बाई, काही संशय आहे का? म्हणजे त्या दृष्टीने पाहायला. नाहीतर नेहमीची पिण्याच्या पाण्याची तपासणी करतो. जंतू, क्षार, गढूळपणा.”

“संशय भगताला आहे,” मी म्हणाले. “मला नाही.” तो हसला. मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

आठ दिवसांनी अहवाल आला. जंतू नाहीत. क्षार प्रमाणात. पिण्यास योग्य.

शहात्तरच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, छायाचित्रकाराला घेऊन मी उंबरवाडीला पोचले. अख्खी वाडी झऱ्यावर जमली होती. मी अहवाल मोठ्याने वाचला, सोप्या भाषेत समजावला आणि पदर खोचून कुंपण उपटायला लागले. काटे हाताला लागत होते, पण मी कुणाला मदत करू दिली नाही. पोशा लांब उंबराखाली उभा राहून ओरडत होता. मग मी लोटा बुडवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. पाणी गार आणि गोड होतं. मागून कुणीतरी पोशाची नक्कल केली, बायका हसल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मैनाला सातवा महिना होता. तिने माझ्यामागोमाग हंडा बुडवला. हिरूने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

“तुजं उपकार कसं फेडू गं?” ती म्हणाली.

लेख लिहायला बसले तेव्हा मजकूर साडेतीन पानांच्या जागी चार पानं भरला. काहीतरी काढणं भाग होतं. लाल पेन्सिल घेऊन मी वाचत गेले आणि एका वाक्यापाशी थांबले. ‘वाडीतले लोक सांगतात की, सलग दहा दिवस भरदुपारी खेकडे पाण्याबाहेर येऊन दगडांवर बसले, हात लावूनही पळाले नाहीत आणि तिथेच मेले.’ त्या वाक्याने सगळा लेख अडखळत होता. ते ठेवलं तर त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागणार, आणि माझ्याजवळ ते नव्हतं. शिवाय ते वाक्य वाचलं की पोशा एकदम शहाणा वाटायला लागायचा. मला पोशा मूर्ख हवा होता. दारू पिऊन कोंबडं मागणारा भगत विरुद्ध शिकलेली बाई, हा सामना मला हवा होता. मी ते वाक्य खोडलं. पेन्सिल दोनदा फिरवली. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं खोडत आले, पण हे माझं स्वतःचं, खरं, डोळे उघडे ठेवून टिपलेलं वाक्य होतं.

अंक हातोहात गेला. दुसरी आवृत्ती काढावी लागली. त्या माळावरच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं, परिसरातल्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना वाटायला शंभर प्रती पाठवाव्यात म्हणून. ‘आपण अंधश्रद्धेवर घातलेला घाव स्तुत्य आहे.’ एवढा मोठा कारखाना विज्ञानप्रसाराला हातभार लावतोय म्हणून मी किती हुरळले होते! ते पत्र मी कचेरीत काचेखाली ठेवलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं मी उंबरवाडीला गेले नाही. मैनाला काय झालं, मुलगा की मुलगी, हे एकदाही विचारलं नाही. दर महिन्याला नवी गाठ होती.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत वाचकांच्या प्रश्नांत एका डॉक्टरांचं पत्र आलं. आमच्याकडे डॉक्टरांचीही पत्रं यायची. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्याकडे एकाच वस्तीतले अकरा रुग्ण आले आहेत. तळहातांवर आणि तळपायांवर राळ्याएवढे कठीण दाणे, छातीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके, पाय बधिर. बायकांची बाळं पोटातच जातात. हा कोणत्या जीवनसत्त्वाचा अभाव असावा?’ उत्तर शोधायला मी कपाटातले ग्रंथ काढले. जीवनसत्त्वांच्या प्रकरणात काही मिळालं नाही. विषांच्या प्रकरणात मिळालं. दाणे, ठिपके, बधिरपणा, ओळीने तेच. सोमल. आपल्याकडे उंदीर मारायला वापरतात तोच. पुढे लिहिलं होतं की, पाण्यात विरघळला तर त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ दिसतं.

मग मी पत्राचा पत्ता पाहिला. चौक, तालुका खालापूर.

पंच्याहत्तरची वही माळ्यावर होती. स्टुलावर उभी राहून मी ती काढली, तिथेच उघडली आणि डावं पान वाचलं. खेकडे. उजवं पान वाचलं. खड्डे. शेवाळ नाही, किडा नाही, पाखरू नाही. सगळं माझ्याच अक्षरात. भगताला आणि जैतूला जे दिसलं ते त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते घेऊन प्रयोगशाळेच्या अर्जात आडवी रेघ मारून आले होते. मी स्टुलावरून खाली कशी उतरले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उंबरवाडीत पोचले. हिरू ओट्यावर बसली होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की उठताना ती धडपडली.

“पाय वळत नाय गं आताशा,” ती हसत म्हणाली. “काट्यावं पाय पडला तरी कळत नाय.”

मी तिचा हात धरून उलटा केला. तळहात खरखरीत होता, मधोमध बारीक कठीण दाणे. घरात भिंतीवर माझं मुखपृष्ठ चिकटवलेलं होतं. कडा धुराने काळ्या पडलेल्या, आणि माझ्या कपाळावर कुंकू.

“पैलं पोर गेलं मैनाचं,” हिरूने सांगितलं. “पोटातच. मुलगा व्हता. तवा पोशा बोलला, आसरांनी नेला, बाईनं काटं काडलं म्हनून. तर पोरांनी त्याला मारला. तुज्यावं शिंतोडं उडवतो म्हनून मारला. आता परत दिस गेल्यात तिला. सातवा सरत आला.”

मी ओरडलेच. पाण्यात विष आहे, एक थेंब पिऊ नका, वरच्या ओहोळाला जा. शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “पर बाय, तूच पिलीस नव्हं? फोटू हाय की.” दुसरी म्हणाली, “कारखान्याच्या सायबानं पन ह्योच फोटू दावला. पंचायतीत बी लावलाय. बाई पिली, म्हनला.” त्या वाद घालत नव्हत्या. माझीच समजूत घालत होत्या, की एवढी शिकलेली बाई पोशासारखं का बोलायला लागली?

मी उठून पोशाकडे गेले. तो वाडीच्या टोकाला राहत होता. एक डोळा अर्धा मिटलेला, दात पडलेले. दारात मी त्याच्यासमोर खाली बसले. इतकी वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध लिहिलं तीच मी त्याच्याकडे मागितली.

“पोशा, झरा बंद कर. आसरा कोपल्या म्हणून सांग. कोंबडं मी देते. पण बंद कर.”

तो प्यायलेला नव्हता.

“आता माजं कोन ऐकतंय, बाय?” तो म्हणाला. “तू त्यांना हसाया शिकवलंस. ते चांगलं शिकलं.”

मग मी एकटीनेच कोयता घेतला. करवंदीच्या फांद्या तोडल्या, ओढत झऱ्यावर नेल्या आणि दोन वर्षांपूर्वी जिथून उपटल्या होत्या तिथेच रोवल्या. हात रक्ताळले. चिंधी नव्हती, तर पदराचा काठ फाडून बांधला. झरा तसाच होता, शांत आणि नितळ. काम झाल्यावर मी एका दगडावर बसले. उन्हाने आणि रडण्याने घसा कोरडा पडला होता.

पुढे मी काय काय केलं ते ‘प्रयोगवही’च्या जुन्या अंकांत आहे. पाणी पुन्हा तपासून घेतलं, या वेळी रकाना भरून, आणि सोमल निघाला. गाळलेलं वाक्य पहिल्या पानावर छापलं आणि खाली सही केली. अंक निम्मे परत आले. खड्डे कालांतराने बुजवले गेले, शिक्षा कुणालाच झाली नाही, मलाही नाही. तो सगळा मजकूर नव्या संपादकांनी खुशाल वापरावा. पण संस्मरणीय क्षण विचारलात तर तो त्याच दुपारचा आहे, त्या दगडावरचा.

मैना पायवाटेने खाली आली. कमरेवर हंडा, पोट पुढे आलेलं, गळ्याखाली ठिपके. तिने काटे पाहिले, मला पाहिलं आणि लहान पोराने केलेल्या खोडीकडे पाहावं तशी हसली. हातातल्या काठीने तिने एक फांदी अलगद बाजूला सारली, आत वाकली, हंडा भरून घेतला. मग कमरेचा लोटा काढून तो भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“दमला असाल ताई. घ्या. मागल्यासारकं.”

आमच्याकडे तहानलेल्या माणसाने कुणी पुढे केलेलं पाणी नाकारणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मी लोटा घेतला. मैना वाट बघत उभी राहिली. मी तिच्या डोळ्यांदेखत तो उपडा केला. सगळं पाणी मातीत ओतलं आणि रिकामा लोटा तिच्या हातात परत दिला.

तिचं हसू गेलं. ती ओल्या मातीकडे बघत राहिली. माझ्या सगळ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते आत्ता झालं, हे मला दिसलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

“म्हंजी खरंच हाय?” तिने विचारलं.

“खरं आहे.”

“मंग माजा पयला?”

खोटं बोलता आलं असतं. त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि तिने ते मानलं असतं. मी तिला खेकड्यांचं सांगितलं. पोशाने सांगितलं होतं, मी लिहून घेतलं होतं आणि मग खोडलं होतं, हे सांगितलं. का खोडलं तेही सांगितलं.

“खेकडं दिवसा वर येत न्हाईत,” शेवटी ती म्हणाली. “ह्ये तर आमच्यातल्या पोरांना बी म्हाइत असतंय.”

“मलाही होतं,” मी म्हणाले.

तिने हंडा उचलला आणि सगळं पाणी झऱ्यापासून लांब, खडकावर ओतून टाकलं. सारलेली फांदी उचलून परत जागेवर लावली, नीट दाबून बसवली. मग रिकामा हंडा कमरेला घेऊन ती वरच्या ओहोळाच्या वाटेला लागली. मी मागून धावत गेले, म्हटलं, मैना, दे मला, मी आणते. ती थांबली नाही. मी हंड्याला हात लावला, तेव्हा तिने तो माझ्याकडच्या कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला आणि दोन मैलांची ती चढण चढू लागली.